‘दुष्काळ पुस्तक पीडीएफ आहे का’ : व्हॉट्सॲपवरच्या एका संदर्भप्रश्नाचं प्रकरण

रविवारी रात्री ९.५२ ला ग्रंथालयाच्या फोनवर मेसेज आला : ‘मॅम दुष्काळ पुस्तक पीडीएफ आहे का’. पुढे नाव नाही, वर्ग नाही, प्रश्नचिन्हही नाही. डीपीला खिल्लार बैलांची जोडी. मेसेज रोमन लिपीतल्या मराठीत होता. इथे तो देवनागरीत उतरवलाय, पुढचे संवादही तसेच. विद्यार्थिनीला विचारूनच हे लिहितेय आणि तिची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मी भांडी आवरत होते. ओल्या हातानेच उत्तर टाकलं : ‘आहेत की. उद्या आलास तर काढून ठेवते. तोवर हे बघ.’ खाली तीन लिंका : मराठी विश्वकोशातली नोंद, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचं पान आणि एका सरकारी अहवालाची पीडीएफ. दोन मिनिटांत ‘ओके मॅम’ आलं, शेजारी जोडलेले हात. मला वाटलं, झालं काम. वहीत नोंद केली : संदर्भप्रश्न एक, उत्तर दिले, वेळ चार मिनिटे.

त्या चार मिनिटांत काय काय चुकलं होतं, ते कळायला बुधवार उजाडावा लागला.

फोन ड्रॉवरमधला

आमचं महाविद्यालय माणदेशात, तालुक्याच्या गावी. बरीचशी मुलं वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात. पावणेपाचची गाडी चुकली की अंधार होतो, त्यामुळे शेवटचा तास संपला की जो तो स्टँडकडे पळतो. ग्रंथालयात निवांत बसून ‘मॅडम, जरा विचारायचं होतं’ म्हणायला या मुलांकडे वेळच नसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महाविद्यालयाने एक सिमकार्ड घेऊन दिलं आणि देवघेव काउंटरच्या ड्रॉवरमधला एक साधा स्मार्टफोन ‘ग्रंथालयाला विचारा’ झाला. टाळेबंदी उठली, फोन राहिला. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तो माझ्या पिशवीतून घरी येतो, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

सुरुवातीला आम्ही वर्गवार ग्रुप केले होते. ते अंगाशी आलं. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. एका मुलीला अनोळखी मेसेज येऊ लागले, ती ग्रुप सोडून गेली, तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. शिवाय अख्ख्या वर्गासमोर ‘मला हे कळलं नाही’ असं लिहिणार कोण? विचारायची ती हुशार चार मुलंच. ग्रुप बंद केले. आता ज्याचं त्याच्याशी बोलणं, आणि सूचनांपुरती ब्रॉडकास्ट यादी. तीही आमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये सेव्ह असेल त्यांनाच पोचते, म्हणून ग्रंथालयाचं कार्ड देतानाच समोर उभं करून नंबर सेव्ह करायला लावतो.

ही काही आमची अक्कल नव्हे. अमेरिकेतल्या विद्यापीठांची ग्रंथालयं दोन हजारच्या दशकातच एओएल आणि याहूच्या मेसेंजरवर विद्यार्थ्यांना उत्तरं देत होती. २००६ पासून मीबो या कंपनीची चॅटची छोटी खिडकी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच बसवता येऊ लागली. खातं नको, नाव नको, प्रश्न टाका की पलीकडे ग्रंथपाल. २०१२ च्या जूनमध्ये गूगलने मीबो विकत घेतली आणि जुलैत तिचा मेसेंजर बंद झाला. ज्यांची सगळी चॅटसेवा त्या खिडकीवर उभी होती त्यांना महिनाभरात दुसरं घर शोधावं लागलं. एओएलचा मेसेंजरही डिसेंबर २०१७ मध्ये मिटला. हे वाचल्यापासून मी प्रश्नांची नोंद फोनच्या भरवशावर ठेवत नाही, शंभरपानी वहीत ठेवते. हसणाऱ्यांनी हसावं.

बुधवार

स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर म्हणाले, ‘तिसऱ्या वर्षाची एक मुलगी अडलीय हो प्रकल्पाला. ग्रंथालयात विचारलं म्हणते, काही मिळालं नाही.’ मी वही काढली. त्या आठवड्यात दुष्काळावर कुणा मुलीने विचारलेलंच नव्हतं. मग डोक्यात लख्ख झालं. ती बैलजोडी!

फोन तिच्या भावाचा. बैल भावाचे. भाऊ डेअरीला दूध घालून आला की फोन तिच्या हातात पडतो, साडेआठ ते दहा. आणि मी तिला लिहिलं होतं ‘आलास तर’. तिने ते दुरुस्त केलं नाही. करणारही नाहीत मुली. मॅडमचं चुकलं असं कोण सांगणार. पण दुसऱ्या दिवशी ती काउंटरपर्यंत येऊन परत गेली, हे नंतर कळलं. ‘तुम्ही दुसऱ्या कुणासाठी पुस्तकं काढली असतील असं वाटलं.’

समोरच्याचं नाव माहीत नसताना इंग्रजीत खुशाल बोलता येतं. मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, आणि ‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्न त्याच्याही आधीचा. आमच्या बहिःस्थ विद्यार्थ्यांत चाळिशीच्या अंगणवाडीताईही आहेत. यावर मी आता शिवणकाम करते तशी वाक्यं वळवते : ‘येणं जमेल का’, ‘कधीपर्यंत हवंय’, ‘कुठल्या विषयासाठी’. त्याहून सोपं म्हणजे आधी नाव विचारणं. ते काउंटरवर आपण विचारतोच, फोनवर मात्र विसरतो, कारण उत्तर द्यायची घाई झालेली असते.

तीन लिंकांचं काय झालं? तिने एकही उघडली नव्हती. भावाचा दिवसाचा डेटा रात्री नऊपर्यंत संपलेला असतो आणि मी टाकलेला अहवाल चांगलाच जड होता.

रात्री पावणेनऊला मी स्वतःहून मेसेज केला. तो संवाद असा :

‘नमस्कार. ग्रंथालयातून बोलतेय. रविवारी तुला मुलगा समजून लिहिलं, चुकलं माझं. सरांनी विषय काय दिलाय? वहीचा फोटो टाकला तरी चालेल.’

फोटो आला. निळ्या शाईत, खाली दोनदा रेघ मारून : ‘सन १९७२ चा दुष्काळ व ग्रामीण स्त्रिया’.

‘छान विषय आहे. यात तुला नेमकं काय शोधायचंय?’

वर ‘टायपिंग’ दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसलं. पुन्हा थांबलं. तीन मिनिटांनी दोन शब्द : ‘सगळं मॅम’.

संदर्भ मुलाखत, म्हणजे वाचकाला खरं काय हवंय ते विचारून काढणं, शिकवताना आम्हाला सांगितलं होतं, आधी मोकळा प्रश्न विचारा, वाचकाला बोलतं करा. काउंटरवर ते बरोबर आहे. तिथे ‘नेमकं काय हवंय’ म्हटल्यावर मूल गोंधळलं तर ते दिसतं, आपण खुर्ची पुढे करतो, एखादं पुस्तक उघडून दाखवतो, आणि पान बघता बघता ते ‘हे नाही, असं नाही, ते…’ म्हणत स्वतःच वाटेवर येतं. फोनवर ‘नेमकं काय’ हा प्रश्न तोंडी परीक्षेसारखा येऊन आदळतो. तीन मिनिटं ती काहीतरी लिहीत होती आणि पुसत होती. ते पुसलेलं मला हवं होतं.

म्हणून पर्याय दिले. ‘दुष्काळ का पडला, हे १. सरकारने काय केलं, हे २. बायकांनी दिवस कसे काढले, हे ३. यातलं कुठलं? नुसता आकडा टाक.’

लगेच : ‘३’.

‘लिहायला वेळ लागत असेल तर बोलून पाठव.’

एक मिनिट दहा सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला. मागे म्हैस, कुणाचं तरी खोकणं. ‘मॅडम, म्हणजे आजी सांगते ना आमची, ती खडी फोडायला जायची पाझर तलावाच्या कामावर. माझ्या वडलांना झोळीत टाकून. तिथं सुकडी मिळायची म्हणे. ते मी लिहिलं, तर सर म्हणाले पुस्तकाचा आधार दे. तर ते आजीचं कुठं लिहिलेलं आहे का?’

(सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटला जाणारा कोरडा पूरक आहार.) हा तिचा प्रश्न. रविवारी मी उत्तर दिलं ते ‘दुष्काळ’ या शब्दाला.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी संदर्भसेवेचे दोन प्रकार सांगितले : एक हातासरशी उरकणारा, दुसरा वेळ घेणारा, खोदावं लागणारा. व्हॉट्सॲपची गंमत, खरं तर खोड, अशी की तिथे प्रत्येक प्रश्न पहिल्या प्रकारचा दिसतो. एका ओळीत आला म्हणजे एका ओळीत भागेल असं वाटतं. निळ्या टिका दिसल्या की आपल्यालाच अपराधी वाटून काहीतरी चिकटवून मोकळं व्हावंसं होतं. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा त्यांचा १९३१ सालचा नियम मी रविवारी माझा वेळ वाचवून पाळला होता.

एकाच गोष्टीचे तीन शब्द

गुरुवारी सकाळी शोधायला बसले. संगणकात ‘दुष्काळ’ घातलं की आमच्याकडे निघतं ते असं : भूगोलाची पाठ्यपुस्तकं, दोन ग्रामीण कथासंग्रह, एक जलसंधारणावरची पुस्तिका. त्यातही मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी रोमन अक्षरांत केलेल्या. कुणी एक ‘ए’ घातलाय, कुणी दोन, त्यामुळे दोन-तीन प्रकारे शोधावं लागतं.

पण खरा घोळ स्पेलिंगचा नाही. सरकार ‘दुष्काळ’ म्हणतच नव्हतं. महाराष्ट्राने १९६३ साली खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ आणला. म्हणजे मराठीत टंचाई. पुढे बरीच वर्षं कागदोपत्री टंचाईग्रस्त गावं, टंचाईची कामं, टंचाई शाखा. १९७२ चं काही सरकारी शोधायचं तर ‘टंचाई’ म्हणून हाक मारावी लागते. वीस वर्षांच्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार?

आजीचा शब्द तिसराच. ती ‘बहात्तर’ म्हणते. ‘बहात्तरात’ म्हणजे त्या दोन-तीन वर्षांत. आणि ती सांगते की आम्ही ‘रोजगार हमीवर’ खडी फोडली. नातीनेही वहीत तसंच लिहिलं होतं. हे अर्धंच बरोबर. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना १९७२ मध्ये आली खरी, पण त्या दुष्काळात लोक गेले ते मुख्यतः टंचाईच्या कामांवर. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ मध्ये आणि अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. नंतरही माणदेशातल्या लोकांनी हमीवर खडी फोडलीच, त्यामुळे आजीच्या आठवणीत दोन्ही ढीग एक झाले तर नवल नाही. आपल्याकडे आजही कुठल्याही सरकारी मातीकामाला लोक ‘रोजगार हमी’च म्हणतात.

शब्दांची ही गाठ सुटली तेव्हा वाट दिसली. व्ही. सुब्रमण्यन यांचं १९७५ सालचं ‘पार्च्ड अर्थ’ हे १९७० ते ७३ च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळावरचं पुस्तक. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांचं भारतातल्या दुष्काळनिवारणावरचं लेखन, ज्यात या दुष्काळाचा सविस्तर विचार आहे. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांचा रोजगार हमीवरचा १९८० चा लेख, जो दुष्काळाचा नव्हे, योजनेचा, हे तिला बजावून सांगायला हवं होतं. सगळं इंग्रजीत. मुलगी मराठी माध्यमाची. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन सेवेवरची नियतकालिकं तिला घरून वाचता यावीत म्हणून तिचं खातं उघडायला गेलो, तर पासवर्ड ज्या ईमेलवर जातो तो ईमेल मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेला. तो कुठला, हे दुकानदारालाच ठाऊक. या एका गोष्टीवर वेगळं प्रकरण लिहिता येईल.

मी इंग्रजी लेखांतले नेमके चार परिच्छेद निवडले आणि प्रत्येकात काय आहे ते मराठीत दोन-तीन वाक्यांत बोलून पाठवलं. भाषांतर नाही, वाट दाखवली म्हणू. पण त्यात सुकडी नव्हती, आणि तिला हवी होती सुकडी.

ती माळ्यावर सापडली. गावातून निघणारं एक साप्ताहिक केव्हाच बंद पडलंय. त्याचे काही वर्षांचे बांधीव अंक संपादकांच्या घरच्यांनी आम्हाला दिले होते. सूची नाही, तालिकेत नोंद नाही. आमचे ग्रंथालय परिचर मामा शिडी लावून चढले आणि म्हणाले, ‘बहात्तर-त्र्याहत्तर ना? त्याला कसर लागलीय, पण आहे.’ दुपारभर पानं उलटली. १९७३ च्या एका अंकात चौथ्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली, बोटभर बातमी : शेजारच्या गावच्या कामावरच्या मजूर बायकांनी गाऱ्हाणं केलं की लांबून येणाऱ्यांची हजेरी वेळेत घेत नाहीत, आणि मुलांची सुकडी वाटपात कमी पडते.

मामा म्हणाले, ‘माझी आई पण होती त्या कामावर.’ आणि खाली उतरून चहा टाकायला गेले.

फोटो म्हणून की फाइल म्हणून

इथे पुन्हा माझी घाई नडली. पानाचा फोटो काढला आणि तसाच पाठवला. फोटो म्हणून पाठवलं की तो जाताना लहान होतो. चेहरे चालतात, पन्नास वर्षांपूर्वीची फुटकी टाइपाची अक्षरं चालत नाहीत. रात्री तिचा मेसेज : ‘मॅम सुकटी म्हणजे वाळलेले मासे ना? इथे कामावर मासे वाटत होते का?’ माणदेशात, दुष्काळात, मासे! मी मोठ्याने हसले, मग ओशाळले. तोच फोटो पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला आणि खाली बातमी स्वतः टाइप करून दिली, अंकाची तारीख आणि पान क्रमांकासह. छापील पानाचा फोटो पाठवायचा तर सोबत तारीख-पान टाइप केलेलं हवंच, नाहीतर महिन्याभराने तो गॅलरीतला एक पिवळा चौकोन उरतो आणि तळटीप देता येत नाही.

‘पीडीएफ’ या शब्दाबद्दल थोडं. मुलांच्या तोंडी पुस्तक म्हणजे पीडीएफ असं झालंय, आणि टेलिग्रामवर अख्खी पुस्तकं फुकट फिरतात हे मला कळत नाही असं नाही. मी ती पाठवत नाही, मागितली तरी. अभ्यासापुरती चार-दोन पानं देणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला जागा आहे. मुलं रागावतात. ‘त्या दुसऱ्या कॉलेजच्या मॅडम देतात’ हे वाक्य मी पाठ केलंय.

त्यानंतर काय बदललं

फार काही नाही. वहीत आता ‘आलेला प्रश्न’ आणि ‘खरा प्रश्न’ असे दोन रकाने आहेत. दुसरा भरल्याशिवाय ‘उत्तर दिले’ लिहायचं नाही. ‘वेळ’ हा रकाना मी काढून टाकला. पहिल्या मेसेजला लिंक पाठवायची नाही, आधी नाव आणि ‘कधीपर्यंत हवंय’ एवढंच. रात्रीच्या मेसेजला एक ओळ जाते : ‘मिळालं. उद्या दुपारी शोधून सांगते.’ ती ओळ गेली की मुलं शांत राहतात; त्यांना उत्तराची नसते इतकी उत्तर येईल की नाही याची काळजी असते. व्हॉइस मेसेज आला तर त्याचा सारांश मी लगेच दोन ओळींत लिहून परत पाठवते, ‘असंच विचारलंय ना?’ म्हणून. आवाजात शोधता येत नाही, वहीत चिकटवता येत नाही. पण अडखळणं, मध्येच हसणं, मागची म्हैस, हे आवाजातच येतं, आणि काउंटरवरचा चेहरा थोडासा परत मिळतो.

आणि रात्री साडेनऊनंतर फोन पिशवीत. हा नियम मी केला आणि मीच सर्वांत जास्त मोडते.

त्या मुलीने प्रकल्प वेळेत दिला. आदल्या रात्री तिने आणखी एक व्हॉइस मेसेज पाठवला होता, आजीचा. आजी फोन तोंडाजवळ धरून, गावाला ऐकू जाईल अशी बोलत होती : ‘बाई, मिलूची (मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी) भाकर खाल्ली आमी, लाल भडक. पोरं तोंडात घ्याची न्हाईत. सुकडीचं म्हनशील तर आमच्या कामावर कदी कमी न्हाई पडली, मुकादम देवमानूस हुता. ते पेपरवाल्यानं खोटं लिवलंय.’

पाठोपाठ नातीचा मेसेज, या वेळी लिहिलेला, पूर्ण वाक्यात, प्रश्नचिन्हासह : ‘मॅम, पेपरात कमी पडली लिहिलंय आणि आजी नाही म्हणते. मग मी काय लिहू?’

मी लिहिलं : ‘बातमी शेजारच्या गावच्या कामाची आहे, आजी तुमच्या गावच्या कामावर होती. दोन्ही लिही. कोण म्हणालं, कुठल्या कामाबद्दल, केव्हा, तेही लिही.’

निळ्या टिका आल्या. वर ‘टायपिंग’ दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. दहा वाजले होते. भावाने फोन मागितला असावा.